एएमएच ०.९ आलं म्हणून आयव्हीएफ फसणारच का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३३, तीन वर्षं प्रयत्न चालू. ट्यूब उघड्या आहेत, नवऱ्याचा वीर्य तपासणीचा रिपोर्ट ठीक आहे, पाळी २६-२७ दिवसांनी नियमित येते. एएमएच (बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारा हार्मोन) ०.९, पाळीच्या तिसऱ्या दिवशीचं एफएसएच (फॉलिकल वाढवणारा हार्मोन) ९.८, एलएच (बीज फुटण्याचा इशारा देणारा हार्मोन) ४.२, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) ३.१, प्रोलॅक्टिन (दूध आणणारा हार्मोन) ३१. सोनोग्राफीत दोन्ही ओव्हरी मिळून सात फॉलिकल (ज्यात बीज वाढतं त्या पिशव्या) दिसले. ‘साठा संपत आलाय, स्वतःच्या बीजावर आयव्हीएफ यशस्वी होणार नाही, डोनर एग (दुसऱ्या स्त्रीचं बीज) घ्या’ असा सल्ला मिळालाय. या आकड्यांवरून यश-अपयश खरंच सांगता येतं का?

नाही. इंजेक्शनं दिल्यावर साधारण किती बीजं हाती लागतील, औषधाचा डोस किती ठेवायचा आणि किती घाई करायची, एवढं या रिपोर्टवरून सांगता येतं. मूल होईल की नाही हे त्यात लिहिलेलं नाही. ते सर्वात जास्त ठरतं वयावर, आणि तेहतीस हे वय तुमच्या बाजूचं आहे. केवळ ०.९ या आकड्यावर, एकदाही स्टिम्युलेशन (इंजेक्शनांनी बीजं वाढवणं) न करता, तेहतिशीतल्या बाईला डोनर एगकडे वळवणं मला पटत नाही. ते का, हे समजण्यासाठी प्रत्येक हार्मोन नेमकं काय मोजतो ते पाहायला हवं.

एएमएचपासून सुरुवात करू, कारण सगळी भीती त्याचीच असते. ओव्हरीत झोपलेल्या असंख्य फॉलिकलपैकी काही सतत वाढीला लागत असतात. त्यांच्यातल्या लहान, साधारण ८ मिलिमीटरपर्यंतच्या फॉलिकलभोवतीच्या ग्रॅन्युलोसा पेशी एएमएच तयार करतात. असे फॉलिकल जास्त तर रक्तातलं एएमएच जास्त, कमी तर कमी. आतल्या बीजाची गुणसूत्रं शाबूत आहेत की नाहीत, याच्याशी त्या पेशींचा काही संबंध नाही. गोदामात पोती किती आहेत हे एएमएच सांगतं; दाणा भरलेला आहे की किडका, हे नाही. दाणा वयाप्रमाणे बिघडतो. भ्रूणांच्या गुणसूत्र तपासणीत तिशीच्या आसपास सदोष भ्रूणांचं प्रमाण सर्वात कमी दिसतं, पस्तिशीत ते साधारण एक तृतीयांशावर येतं, चाळिशीत निम्म्याच्या पुढे जातं आणि त्रेचाळीस-चव्वेचाळीसला ऐंशी टक्के ओलांडतं.

आता तुमच्याच आकड्यांवर आकडेमोड करून पाहा. हे सरासरीचे आडाखे आहेत, प्रत्येक सायकलमध्ये, म्हणजे आयव्हीएफच्या प्रत्येक फेरीत, वर-खाली होतात. वय ३३, एएमएच ०.९: पिकअपला (ओव्हरीतून बीजं बाहेर काढतात तेव्हा) पाच-सहा बीजं मिळतील असं धरा. त्यातली चार-पाच पक्व निघतात, इक्सीनंतर (बीजात एकेक शुक्राणू टोचल्यावर) तीन-चार फलित होतात आणि पाचव्या दिवसापर्यंत एक किंवा दोन ब्लास्टोसिस्ट (पाच दिवसांचे भ्रूण) होतात. त्यातला एक तृतीयांश भाग सदोष धरला तर एका सायकलमागे सुदृढ भ्रूण साधारण एक. दुसरी बाई ४२ वर्षांची, एएमएच ३. तिला चौदा बीजं मिळतात, अकरा पक्व, आठ फलित, ब्लास्टोसिस्ट तीन. या वयात चारातले तीन सदोष असतात, म्हणजे तिच्याही हाती एक किंवा त्याहून कमीच. तिचा रिपोर्ट तुमच्यापेक्षा तिपटीने ‘चांगला’ असूनही दोघींची गाठ शेवटी एकाच भ्रूणाशी पडते. गुणसूत्रं नीट असलेल्या ब्लास्टोसिस्टच्या ट्रान्सफरमधून (गर्भाशयात सोडण्यातून) बाळ होण्याचं प्रमाण साधारण निम्मं असतं, आणि ते आईच्या एएमएचवर फारसं अवलंबून नसतं.

मग कमी एएमएचने तुमचं नुकसान होतच नाही का? होतं. तुमच्याच वयाच्या, एएमएच ३ असलेल्या बाईला एका पिकअपमध्ये दोन-तीन सुदृढ भ्रूणं मिळू शकतात, म्हणजे एकाच स्टिम्युलेशनच्या खर्चात दोन-तीन ट्रान्सफर. तुम्हाला तेवढ्यासाठी दोन-तीन पिकअप लागतील. खर्च आणि इंजेक्शनं वाढतात, मनाचा ताण वाढतो. म्हणून निर्णय घेताना प्रश्न ‘आयव्हीएफ करावं की नाही’ असा न ठेवता ‘दोन किंवा तीन पिकअपची आपली तयारी आहे का’ असा ठेवा. एकाच सायकलचं पॅकेज घेऊन, ते फसल्यावर ‘माझं होणारच नाही’ म्हणून थांबणं, ही कमी एएमएचच्या जोडप्यांची सर्वात महाग चूक आहे.

एक बीजसुद्धा पुरतं, याला इतिहासाचा पुरावा आहे. २५ जुलै १९७८ ला इंग्लंडमध्ये लुईस ब्राऊन जन्मली ती बीजवाढीचं एकही इंजेक्शन न देता, नैसर्गिक पाळीत मिळालेल्या एका बीजापासून. त्या बीजाची वेळ साधण्यासाठी लघवीतलं एलएच दर काही तासांनी मोजलं जात होतं. म्हणजे या क्षेत्रात हार्मोनचं पहिलं काम वेळ सांगणं हे होतं. भविष्य सांगण्याचं काम त्याच्यावर नंतर लादलं गेलं.

कमी एएमएच म्हणजे वंध्यत्व नव्हे, हे दाखवणारा मोठा अभ्यास अमेरिकेत २०१७ मध्ये आला. वंध्यत्वाचा पूर्वेतिहास नसलेल्या, ३० ते ४४ वयाच्या ७५० स्त्रिया त्यात होत्या. एएमएच ०.७ च्या खाली असलेल्यांची सहा पाळ्यांत गर्भधारणा होण्याची शक्यता ६५ टक्के निघाली आणि सामान्य एएमएच असलेल्यांची ६२ टक्के. फरक नाहीच. मात्र हा आधार घेऊन तुम्ही घरी बसू नका. त्या स्त्रियांनी नुकतेच प्रयत्न सुरू केले होते, तुमची तीन वर्षं गेली आहेत. तुमच्या बाबतीत कमी एएमएच हे लवकर सुरुवात करण्याचं कारण आहे.

०.९ हा आकडासुद्धा दगडावरची रेघ नव्हे. आधी एकक बघा. काही लॅब नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर देतात, काही पिकोमोल प्रति लिटर. १ नॅनोग्रॅम म्हणजे ७.१४ पिकोमोल. तुमचं ०.९ परदेशातल्या लॅबमध्ये ६.४ म्हणून छापून येईल. दुबई-लंडनहून रिपोर्ट घेऊन येणाऱ्या जोडप्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. दुसरं, एकाच रक्ताचा नमुना दोन वेगळ्या कंपन्यांच्या मशीनवर लावला तर आकड्यात वीस-तीस टक्क्यांचा फरक सहज पडतो. म्हणून एका लॅबचं १.२ आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या लॅबचं ०.९ एकाखाली एक मांडून ‘साठा झपाट्याने घसरतोय’ असं म्हणता येत नाही. तिसरं, गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना एएमएच कमी दिसतं, साधारण एक पंचमांश ते एक तृतीयांशाने. गोळ्या नुकत्याच बंद केल्या असतील तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करा.

चौथी गोष्ट फार कमी वेळा विचारली जाते: केसांच्या गोळ्या. केस गळतात म्हणून ५ किंवा १० मिलिग्रॅम बायोटिन घेणाऱ्या मुली खूप आहेत. बऱ्याच लॅबच्या मशीनमधली रासायनिक पद्धत बायोटिनवरच बेतलेली असते. रक्तात ते जास्त असलं की एएमएच, एफएसएच, टीएसएच आणि बीटा एचसीजी (गर्भ राहिल्याचा हार्मोन) खोटे कमी येतात, तर इस्ट्राडायॉल (ओव्हरीतलं मुख्य इस्ट्रोजेन) आणि प्रोजेस्टेरॉन (गर्भाशयाचं अस्तर रुजण्यासाठी तयार करणारा हार्मोन) खोटे जास्त. सगळ्या हार्मोन तपासण्यांच्या आधी किमान तीन दिवस बायोटिन बंद ठेवा, आणि ‘ते काय, साधं व्हिटॅमिन आहे’ असं न समजता डॉक्टरांना सांगा.

एएमएचला एकट्याने कधीच वाचू नये. त्याची जोडी सोनोग्राफीतल्या अँट्रल (लहान, दिसू लागलेल्या) फॉलिकलच्या संख्येशी: पाळीच्या दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, योनीमार्गाच्या सोनोग्राफीत, दोन्ही ओव्हरींतले २ ते १० मिलिमीटरचे फॉलिकल मोजायचे. २०११ च्या बोलोन्या निकषांत (कमी बीजं देणाऱ्या स्त्रिया ओळखण्याचे निकष) कमी साठ्याची रेषा एएमएच ०.५ ते १.१ आणि फॉलिकल ५ ते ७ अशी ठेवली होती. त्याच कामासाठीच्या २०१६ च्या पोसायडन वर्गीकरणात १.२ आणि ५ हे आकडे आहेत, आणि तिथे पस्तिशीच्या आतल्या बाईला मुद्दाम वेगळ्या गटात ठेवलं आहे, कारण बीजं कमी असली तरी तिच्या बीजांचा दर्जा वयाला साजेसा असतो. तुमचे सात फॉलिकल ०.९ च्या मानाने बरे आहेत. दोन्हींत तफावत असली तर चांगल्या मशीनवर, फॉलिकल मोजण्याची सवय असलेल्या व्यक्तीकडून सोनोग्राफी पुन्हा करून घेणं हे रक्त पुन्हा तपासण्यापेक्षा जास्त उपयोगाचं ठरतं.

तेहतिशीत साठा कमी का झाला, हे मात्र शोधायला हवं. ओव्हरीवर पूर्वी शस्त्रक्रिया, विशेषतः चॉकलेट सिस्ट (एंडोमेट्रिओसिसची, जुन्या रक्ताने भरलेली गाठ) काढलेली आहे का? केमोथेरपी झाली आहे का? आईची किंवा मावशीची पाळी चाळिशीच्या आत गेली होती का? घरात असा इतिहास असेल तर गुणसूत्रांची आणि फ्रॅजाइल एक्स (मुलाला बौद्धिक अपंगत्व देऊ शकणारा आनुवंशिक दोष) वाहकत्वाची तपासणी करावी, कारण त्याचा संबंध होणाऱ्या बाळाशीही आहे. आणि ओव्हरीत चॉकलेट सिस्ट दिसत असेल तर ‘आधी ऑपरेशन, मग आयव्हीएफ’ या क्रमाला घाईने होकार देऊ नका. सिस्टची भिंत सोलून काढताना तिला चिकटलेला चांगला भागही जातो आणि एएमएच आणखी खाली येतं. आधी बीजं किंवा भ्रूण साठवून मग शस्त्रक्रिया, हा पर्याय मुद्दाम विचारा.

आता एफएसएच. तुमच्या रिपोर्टमध्ये इथेच एक भोक आहे: त्याच नमुन्यात इस्ट्राडायॉल केलेलं नाही. मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी एफएसएच सोडते आणि ओव्हरीतून इस्ट्राडायॉल आलं की तीच हात आखडता घेते. साठा कमी होऊ लागला की पाळीचं चक्र आखडतं, फॉलिकल आधीच वाढू लागतो आणि तिसऱ्या दिवशीच इस्ट्राडायॉल चढलेलं असतं. ते चढलं की एफएसएच दबतं. एफएसएच ९.८ आणि इस्ट्राडायॉल ३५ असेल तर ९.८ खरं धरता येतं. पण तेच इस्ट्राडायॉल ९५ असेल तर ९.८ हे झाकलेलं आहे, खरा आकडा त्याहून वर आहे. साधारण ६० ते ८० पिकोग्रॅमच्या वर इस्ट्राडायॉल असताना ‘एफएसएच नॉर्मल’ म्हणू नये. तुमची पाळी २६ दिवसांवर आली आहे, म्हणून ही जोडी पाहणं जास्तच गरजेचं. दिवस मोजताना नीट मोजा: डाग दिसतात तो दिवस धरायचा नाही, भरपूर रक्तस्राव सुरू होतो तो पहिला दिवस.

एफएसएच महिन्यागणिक हलतं. एकदा १३ आणि पुढच्या महिन्यात ८ आलं तर आनंदाने नाचू नये. एकदा वर गेलेला आकडा साठ्याची अडचण दाखवून गेलेला असतो, खालचा आकडा तो पुसून टाकत नाही. एफएसएच कमी येईल अशा पाळीची वाट बघत महिने घालवण्याची पद्धत जुनी आहे आणि तिचा फायदा नाही.

डोसबद्दल. आकडा कमी आला की इंजेक्शनं वाढवायची, असा सगळ्यांचा समज असतो. पण ओव्हरीत वाढीच्या रांगेत उभे असलेले फॉलिकल सात असतील तर ४५० युनिट टोचून त्यांचे बारा होत नाहीत. रोज ३०० युनिटच्या पुढे जाण्यात अर्थ नाही, असंच युरोपीय मार्गदर्शक सूचना सांगतात. नेदरलँड्समधल्या २०१७ च्या ऑप्टिमिस्ट चाचणीतही, फॉलिकलच्या संख्येवरून डोस वाढवल्याने बाळांची संख्या वाढली नाही. तुमच्यासाठी २२५ ते ३०० युनिट, अँटागोनिस्ट पद्धतीने (बीज वेळेआधी फुटू नये म्हणून एलएच रोखणारं इंजेक्शन सोबत देऊन), हा सरळ आराखडा. सोबत डीएचईए (हार्मोनची गोळी), ग्रोथ हार्मोन, ओव्हरीत पीआरपी (स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेटचं इंजेक्शन) अशी यादी पुढे आली तर प्रत्येकाबद्दल एकच विचारा: याने बाळ होण्याचं प्रमाण वाढतं याचा भक्कम पुरावा आहे का? आजवर यातल्या एकाचाही तसा पुरावा नाही. तो पैसा दुसऱ्या पिकअपसाठी राखून ठेवा.

जास्त एएमएचही आनंदाची पावती नसते. ३.४ च्या पुढे, आणि विशेषतः पीसीओएसमध्ये (ओव्हरीत पुष्कळ लहान फॉलिकल आणि अनियमित पाळी) ७-८ वगैरे असेल, तर धोका उलट बाजूचा: वीस-पंचवीस फॉलिकल एकदम वाढतात, पोटात पाणी भरतं, रक्त दाट होतं. अशा वेळी डोस १०० ते १५० युनिट, ट्रिगर (बीजं पक्व करणारं शेवटचं इंजेक्शन) एचसीजीऐवजी ॲगोनिस्टचा (स्वतःचं एलएच सोडायला लावणारा), आणि सगळे भ्रूण गोठवून ट्रान्सफर पुढच्या पाळीत. ही काळजी घेतली तर तो गंभीर प्रकार जवळजवळ टाळता येतो. त्यातल्या अनेकींना मुळात आयव्हीएफची गरजच नसते. लेट्रोझोलच्या २.५ ते ७.५ मिलिग्रॅमच्या गोळ्यांनी बीज फुटू लागतं आणि तेवढ्यात काम होतं.

सायकल सुरू झाल्यावरचे हार्मोन वेगळं काम करतात. ते पुढचं पाऊल ठरवतात. इस्ट्राडायॉल प्रत्येक पक्व फॉलिकलमागे साधारण २०० ते ३०० पिकोग्रॅम चढतं. सोनोग्राफीत १८ मिलिमीटरचे पाच फॉलिकल दिसतात आणि इस्ट्राडायॉल १२०० आहे, तर मेळ बसला. लेट्रोझोल चालू असेल तर हा हिशोब लागू नाही, कारण ती गोळी इस्ट्रोजेन मुद्दाम खाली ठेवते. आकडा ३०० बघून घाबरू नका.

ट्रिगरच्या दिवशीचं प्रोजेस्टेरॉन हा मात्र असा आकडा आहे, ज्याने निकाल खरोखर बदलतो, आणि तोच बरेचदा मोजायचा राहून जातो. फॉलिकल पुष्कळ असले किंवा इंजेक्शनं लांबली की ट्रिगरच्या आधीच प्रोजेस्टेरॉन चढू लागतं. ते १.५ नॅनोग्रॅमच्या वर गेलं की गर्भाशयाचं अस्तर वेळेआधी पिकतं. भ्रूण पाच दिवसांचा आणि अस्तर मात्र त्याच्या पुढे निघून गेलेलं, मग रुजायचं कसं? साठ हजारांहून जास्त सायकलींच्या एकत्रित विश्लेषणात, २०१३ मध्ये, ताज्या ट्रान्सफरमध्ये गर्भधारणा घटते असं दिसलं. तेच भ्रूण गोठवून पुढे ठेवले तर तोटा दिसत नाही. म्हणजे भ्रूण चांगलेच होते, घडी चुकली होती. १.५ च्या वर आकडा आला की ताजं ट्रान्सफर करू नये, एवढा साधा नियम पाळला तरी एक चांगला भ्रूण वाया जाण्यापासून वाचतो. कमी बीजांच्या बाईला तर एकेक भ्रूण मोलाचा.

ट्रिगरनंतर ३५-३६ तासांनी पिकअप. इथे घोळ होतो तो बहुतेक वेळा टोचण्यात होतो. पावडरच्या कुपीत पाणी घालून विरघळवायचं राहतं आणि नुसतं पाणीच टोचलं जातं, किंवा रात्री दहा ऐवजी साडेअकराला दिलं जातं. एचसीजीचा ट्रिगर असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी घरच्या प्रेग्नन्सी किटवर दोन रेघा याव्यात. औषध अंगात गेल्याची ती खूण. ॲगोनिस्टचा ट्रिगर असेल तर सुमारे बारा तासांनी रक्तातलं एलएच १५ च्या वर गेलेलं असावं. गेलं नसेल तर पिकअप थांबवून एचसीजी देता येतं आणि वेळ नव्याने धरता येते. ही तपासणी न करता पिकअपला गेलं आणि एकही बीज मिळालं नाही, तर बाई आपल्या एएमएचला दोष देत राहते आणि खरं कारण सिरिंजमध्येच राहून जातं.

गोठवलेल्या भ्रूणाच्या ट्रान्सफरमध्ये, जिथे गोळ्यांनी अस्तर तयार करतात, तिथे स्वतःचं प्रोजेस्टेरॉन शून्य असतं, सगळं बाहेरून येतं. योनीतून ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा घेतल्यावरही काहींच्या रक्तात ते नीट चढत नाही. ट्रान्सफरच्या दिवशी साधारण ९-१० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर गर्भ टिकण्याचं प्रमाण घटतं. तेव्हा त्वचेखालचं २५ मिलिग्रॅमचं किंवा स्नायूतलं ५० मिलिग्रॅमचं इंजेक्शन जोडलं की बहुतेक नुकसान भरून निघतं. रक्त देताना शेवटचा डोस किती वाजता घेतला ते लिहून द्या, कारण तासागणिक आकडा बदलतो. आणि डायड्रोजेस्टेरॉनच्या (प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणाऱ्या) गोळ्या घेत असाल तर त्या या तपासणीत दिसतच नाहीत. मशीन त्यांना प्रोजेस्टेरॉन म्हणून ओळखत नाही. आकडा कमी दिसला म्हणून लगेच घाबरू नका.

तुमचं प्रोलॅक्टिन ३१. मर्यादा साधारण २५. एवढ्या वाढीला लगेच कॅबर्गोलिन (प्रोलॅक्टिन उतरवणारी गोळी) सुरू करू नये. रक्त कसं दिलं ते आधी आठवा: झोपेतून उठल्या उठल्या, जिना चढून धापा टाकत, की सुई दोनदा टोचून? उठल्यानंतर दोन तासांनी, उपाशीपोटी, वीस मिनिटं शांत बसून नमुना द्या. ॲसिडिटीच्या गोळीवर ‘डॉम्पेरिडोन’ किंवा ‘लेव्होसल्पिराइड’ हे शब्द आहेत का, ते पाकीट उलटून वाचा. आपल्याकडे या गोळ्या चिठ्ठीशिवाय सर्रास घेतल्या जातात आणि त्या प्रोलॅक्टिन चांगलंच चढवतात. तरीही वाढलेलं राहिलं तर मॅक्रोप्रोलॅक्टिन तपासा. हा प्रोलॅक्टिनचा निरुपद्रवी प्रकार असतो आणि त्याला औषध लागत नाही. पाळी नियमित असताना ३१ मुळे आयव्हीएफ अडत नाही.

टीएसएच ३.१ मुळेही नाही. टीपीओ अँटिबॉडी (थायरॉइडविरुद्ध शरीरानेच तयार केलेली प्रथिनं) तपासून घ्या. टीएसएच २.५ च्या वर आणि अँटिबॉडी असतील तर २५-५० मायक्रोग्रॅम थायरॉक्सिनचा (थायरॉइडच्या गोळीचा) विचार करतात. पण अँटिबॉडी असलेल्या, थायरॉइड नॉर्मल असलेल्या ९५२ स्त्रियांवरच्या २०१९ च्या ब्रिटिश चाचणीत थायरॉक्सिनने बाळांचं प्रमाण वाढलं नाही. गोळी आधीपासून चालू असलेल्यांनी मात्र लक्ष ठेवावं: स्टिम्युलेशनमध्ये इस्ट्रोजेन चढलं की थायरॉइडची गरज वाढते, आणि बीटा पॉझिटिव्ह आल्यावर डोस साधारण पाव हिश्श्याने वाढवावा लागतो.

नवऱ्यांसाठी एवढंच: वीर्यात शुक्राणू असतील तर त्याच्या हार्मोनला आयव्हीएफच्या भाकितात जागा नाही. शुक्राणू शून्य असतील तर एफएसएच पाहतात. ते वाढलेलं असलं तरी मायक्रो-टेसेमध्ये (सूक्ष्मदर्शकाखाली अंडकोषातून शुक्राणू शोधण्याची शस्त्रक्रिया) शुक्राणू मिळू शकतात. एफएसएच-एलएच दोन्ही जवळजवळ शून्यावर असतील तर जिममधल्या टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांबद्दल मोकळेपणाने विचारा. ती बंद केल्यावर बहुतेकांचे शुक्राणू काही महिन्यांत परत येतात.

डोनर एगचा सल्ला कधी योग्य? पाळी चार महिन्यांहून जास्त बंद किंवा अगदी अनियमित आणि एफएसएच २५ च्या वर. वय ४३-४४ च्या पुढे. किंवा दोन-तीन नीट केलेल्या स्टिम्युलेशनमध्ये बीजच न मिळणं किंवा भ्रूण न होणं. यातलं तुम्हाला एकही लागू नाही. अमेरिकेतल्या नोंदींमध्ये एएमएच ०.१६ किंवा त्याहून खाली असलेल्या स्त्रियांच्याही सायकली आहेत. कित्येक अर्ध्यात रद्द झाल्या, तरी सुरू केलेल्या दर शंभरामागे साधारण नऊ-दहा बाळं जन्मली. तुमचा आकडा त्याच्या पाचपट आहे. भारतात कायद्याने एआरटीसाठी (आयव्हीएफसारख्या उपचारांसाठी) स्त्रीची वयोमर्यादा ५० आहे, म्हणजे डोनरचा दरवाजा पुढची सतरा वर्षं उघडा राहतो. स्वतःच्या बीजांचा दरवाजा तेवढा वेळ उघडा राहणार नाही, म्हणून आधी तो.

म्हणजे पुढच्या पाळीला: दुसऱ्या दिवशी एफएसएच आणि इस्ट्राडायॉल एकत्र, त्याच दिवशी फॉलिकलची पुन्हा मोजणी, शांत बसून प्रोलॅक्टिन, टीपीओ. रुबेला, रक्तगट, संसर्गाच्या तपासण्या त्याच नमुन्यात उरकून घ्या. आणखी महिना न घालवता सायकल सुरू करा. पहिल्या पिकअपला किती बीजं आली, किती पक्व निघाली, किती ब्लास्टोसिस्ट झाले, हे तीन आकडे लेखी मागून ठेवा. दुसऱ्या सायकलचा डोस आणि ट्रिगर ठरवताना एएमएचपेक्षा त्यांचाच उपयोग जास्त होतो.

ट्रान्सफरनंतरचा शेवटचा हार्मोन म्हणजे बीटा एचसीजी. ब्लास्टोसिस्टच्या ट्रान्सफरनंतर नवव्या ते अकराव्या दिवशी करा. त्याआधी घरचं किट वापरू नका: ताज्या सायकलमध्ये ट्रिगरचं एचसीजी दहा ते चौदा दिवस रक्तात राहतं आणि खोटी रेघ दाखवतं. एका आकड्याला चिकटून बसू नका, ४८ तासांनी दुसरा घ्या. सुरुवातीचा आकडा १५०० च्या खाली असताना दोन दिवसांत किमान ४९ टक्के वाढ हवी. ‘दुप्पटच व्हायला हवं’ हे खरं नाही, आणि त्या गैरसमजापायी चांगल्या गर्भाचं प्रोजेस्टेरॉन कुणी बंद करू नये. वाढ संथ असेल तर ट्यूबमधला गर्भ नाही ना, हे बघेपर्यंत एकटीने प्रवासाला जाऊ नका आणि पोटात एका बाजूला दुखलं तर लगेच दवाखाना गाठा. वाढ नीट असेल तर सहा-साडेसहा आठवड्यांच्या सोनोग्राफीत ठोके दिसतात, आणि तिथून पुढे बीटा करत बसण्याची गरज उरत नाही.